घरचा लिमिटर, बाहेरचा लिमिटर

मेहकरच्या बसस्टँडजवळ एका कृषी केंद्राच्या वरच्या खोलीत माझा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. खाली बी-बियाणं आणि खतं, शेजारी पिठाची गिरणी, वर मी. दारावर मी एक कागद चिकटवलाय: ‘इथे चोरीचं सॉफ्टवेअर वापरत नाही. इथे गाणं दाबून मिळत नाही.’ पहिलं वाक्य वाचून निम्मी पोरं जिन्यावरूनच परत जातात. उरलेली दुसऱ्या वाक्यावर भांडायला आत येतात. माझा धंदा या भांडणाऱ्यांवर चालतो.

संपादकांनी अनुभव लिहायला सांगितले तेव्हा आई म्हणाली, “तुले काय अनुभव गं? केस तरी पिकू दे.” पण आमच्या भागात हा धंदा एवढा नवा आहे की त्यात मीच जुनी. गिऱ्हाईक अजूनही दारात उभं राहून विचारतं, “साउंडवाले भाऊ कुठी गेले?” मी सांगते, भाऊ नाहीत, मीच आहे, या. मग ते एकदा माझ्याकडे बघतात, एकदा लॅपटॉपकडे, आणि सावधपणे खुर्चीच्या टोकावर बसतात.

आवाजाच्या कामात मी पत्रकांतून आले. कॉलेजात असताना एसटीच्या फेऱ्यांसाठी, पाससाठी, वसतिगृहाच्या पाण्यासाठी आम्ही पोरापोरींनी जी पत्रकं काढली, ती मी लिहायची. पहिल्या पत्रकात मी प्रत्येक ओळ ठळक केली होती आणि प्रत्येक ओळीपुढे उद्गारचिन्हं पेरली होती. छापखान्यातल्या काकांनी कागद हातात धरला, चष्मा वर केला आणि म्हणाले, “पोरी, पुरा कागदच बोंबलून राह्यला. याच्यात वाचू काय?” मी तेव्हा भांडले. घरी येऊन पुन्हा वाचलं आणि फक्त एक ओळ ठळक ठेवली. त्या पत्रकाला माणसं जमली. सगळंच ठळक केलं की काहीच ठळक राहत नाही, हे मी तिथे शिकले. पुढे जे काही लिहिणार आहे ते याच एका गोष्टीचं आहे, फक्त शाईऐवजी आवाज.

आता लिमिटर म्हणजे काय ते सांगते. गाणं बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये अगदी शेवटी, गाणं दाराबाहेर पडताना, हा एक पहारेकरी बसवतात. शाळेतला वर्गाचा फोटो आठवा. सगळी पोरं एका उंचीची, आणि मागच्या रांगेत एक ताडमाड पोरगा. त्याचं डोकं फोटोत यावं म्हणून फोटोवाल्याला मागे मागे जावं लागतं आणि सगळा वर्ग मुंगीएवढा दिसतो. मग गुरुजी म्हणतात, “तू जरा वाक रे.” तो वाकला की फोटोवाला पुढे येतो, सगळी तोंडं मोठी दिसतात. गाण्यात तो ताडमाड पोरगा म्हणजे ढोलकीची थाप. ती क्षणभरच उसळते, पण तिच्यामुळे सगळं गाणं बारीक ठेवावं लागतं. लिमिटर त्या थापेला वाकवतो आणि मग गाणं मोठं करता येतं. एवढंच त्याचं काम.

बिघाड पुढे होतो. एकाला वाकवलं, फोटो छान आला, म्हणून माणसाला हाव सुटते. मग दुसऱ्याला वाकवा, तिसऱ्याला वाकवा, सगळ्यांना एका रेषेत दाबा. शेवटी फोटोत पोरं राहत नाहीत, भिंत राहते. वरातीत वाजणारी आजची निम्मी गाणी अशी भिंत आहेत. आधीच्या गाण्यापेक्षा आपलं गाणं जरा बसकं वाजलं की इज्जत गेली, असं पोरांना वाटतं. म्हणून दाबा.

हा लिमिटर दोन ठिकाणांहून मिळतो. एक सॉफ्टवेअरच्या पोटातच येतो, त्याला मी ‘घरचा’ म्हणते. दुसरा वेगळ्या कंपन्या करतात, तो वेगळा आणून जोडावा लागतो, तो ‘बाहेरचा’. आणि आमच्या पोरांच्या डोक्यात कुणीतरी पक्कं भरवून ठेवलंय की घरचा तो नवशिक्यांचा.

कुणी भरवलं? मोबाइलवर व्हिडिओ टाकणाऱ्या गुरूंनी. मागे निळे दिवे, पुढे माइक, आणि ‘हे नसेल तर तुमचं गाणं कधीच प्रोफेशनल होणार नाही’ ही धमकी. यातल्या कितीजणांना ते सांगायचे पैसे मिळतात हे ते सांगत नाहीत. आमच्याकडचं पोरगं ते बघतं, विकत घेणं परवडत नाही, मग कुठल्यातरी साइटवरून फोडलेली, म्हणजे चोरीची प्रत उतरवतं. त्या प्रतीबरोबर जे आणखी उतरतं त्याने लॅपटॉप बसतो. माझ्याकडे एक पोरगा रडकुंडीला येऊन बसला होता, त्याची सगळी गाणी गेली होती. त्याचे डोळे पुसायला कुठला गुरू आला नाही. मला राग चोरीचा आहेच, पण त्याहून जास्त राग त्या लाजेचा आहे. जे हातात आहे त्याची लाज वाटायला लावणं हा या लोकांचा खरा धंदा. आमच्याकडच्या माणसाला तर ही लाज लवकर लागते. बोलण्याची लाज, गावाची लाज, आता लिमिटरचीही.

बरं, मी काही घरच्याची भक्त नाही. बाहेरचा एक लिमिटर मी रीतसर विकत घेतलाय. तो घ्यायला लावला इरफानभाईंनी आणि जावेदसरांनी.

इरफानभाई म्हणजे भोंगावाले. त्यांच्या ऑटोवर दोन भोंगे आहेत आणि तालुक्यातली सगळी जाहिरात त्या भोंग्यांतून होते. साड्यांचा सेल, डोळे तपासणी, हरवलेली म्हैस. एकदा सेलची जाहिरात घरच्या लिमिटरने मी जोरात दाबून दिली. ते जानेफळचा आठवडी बाजार करून आले आणि ऑटो खाली उभी ठेवूनच ओरडले.

“ओ ताई! हे काय देलं मले? साडी इकून राह्यलो का पापड तळून राह्यलो?”

खरंच होतं. घरच्याला फार दाबलं की तो कुरकुरतो, आवाज फाटतो. आणि भोंग्याच्या जाहिरातीला दाबावं तर लागतंच, कारण ऑटोचं इंजिन, बाजारातला गलका, त्याच्यावर शब्द पोचले पाहिजेत. तिथे गाणं नसतं, निरोप असतो.

जावेदसर उर्दू शाळेत शिकवतात. त्यांनी माझ्याकडे नात, म्हणजे पैगंबरांचं स्तुतिगीत म्हटलं, स्वच्छ, सुंदर. स्टुडिओत ऐकली तेव्हा आम्ही दोघंही खूश. त्यांनी ती खामगावच्या खालाला, म्हणजे मावशीला, मोबाइलवर पाठवली. खालाचा लगेच फोन आला, “बेटा, आवाज तो माशाल्ला, मगर पीछे मूंगफली कौन फोड रहा है?” झालं असं होतं की मोबाइलवर पाठवताना फाइल बारीक होते आणि तसं होताना आवाजाचं टोक चौकटीच्या, म्हणजे आवाजाच्या कमाल मर्यादेच्या, किंचित वर जातं. तिथे तडतड होते. माझ्या घरच्या लिमिटरला ती टोकं दिसत नव्हती. बाहेरच्याला दिसतात. मी फाइल बदलून दिली, पण शेंगा फोडणारी नात तोवर अर्ध्या नातेवाइकांत पोचली होती. जावेदसर भेटले की अजून विचारतात, “भुईमूग कसा आहे यंदा?”

तर माझा हिशेब असा बसला: ओरडायचं असेल तर बाहेरचा. गायचं असेल तर बहुतेक वेळा घरचा पुरतो, फक्त चौकट जरा खाली ठेवायची. घरच्याचा एक गुण मला फार उशिरा कळला. तो कुरकुरतो हाच त्याचा गुण आहे. जास्त दाबलं की तो लगेच सांगतो, बाई, थांब. बाहेरचा महागडा फार अदबशीर. तुम्ही कितीही दाबा, तो तोंडातून चकार शब्द काढत नाही. गाणं मेलं तरी आवाज स्वच्छ. अशा अदबशीर नोकराच्या हाती घर देताना मला भीती वाटते.

हे सगळं मी नुसतं तोंडाने सांगितलं तर तुम्ही विसरून जाल. म्हणून सिंधूमावशींची गोष्ट सांगते.

सिंधूमावशी जानेफळच्या. त्यांचा मुलगा गोपाल, त्याचा स्वतःचा साउंडचा सेटप आहे, लग्नं, जयंत्या, मिरवणुका. गोपालभाऊंना मी आधीपासून ओळखत होते, कारण दारावरच्या कागदावरून माझ्याशी सगळ्यात जास्त भांडलेला माणूस तोच. त्या दिवशी मात्र तो भांडायला आला नव्हता. मागे मावशी होत्या, डोक्यावर पदर, हातात पाण्याची बाटली.

“ताई, आईचं एक गानं घ्याचं आहे. लवकर घ्याचं आहे.”

मावशींच्या घशात गाठ होती. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं आणि आवाज पुढे कसा राहील याची हमी देता येत नाही असंही सांगितलं होतं. ऑपरेशननंतर बरेच दिवस तोंडातून शब्द काढायचा नव्हता. आणि नेमके सुनेचे दिवस भरत आले होते. म्हणजे नातवंडाचं बारसं येणार ते मावशींच्या मुक्या दिवसांत.

हे काय आहे ते बाहेरच्यांना कळायचं नाही. जानेफळात आणि आसपास कुणाच्याही घरी बारसं असलं की पाळणा म्हणायला सिंधूमावशींना बोलावणं असतं. पाळणा त्यांचा स्वतःचा, जोडलेला, कुठे छापलेला नाही. गावातली निम्मी पोरं त्यांच्या पाळण्यावर नाव मिळवून मोठी झालीत. आणि स्वतःच्या नातवंडाच्या वेळेला त्या गप्प बसणार होत्या. मावशी स्वतः यावर फक्त एवढंच बोलल्या, “साऱ्या गावाच्या लेकराले म्हटलं. घरच्याच्या वक्ताले गळा बसला. पाह्य बाप्पा कसं असते.” आणि हसल्या.

माझ्या स्टुडिओत रेकॉर्डिंगची सगळ्यात चांगली वेळ म्हणजे दुपारी लाइट जाते ती. गिरणी बंद पडते, खालचा पंखा बंद पडतो, समोरच्या दुकानातलं गाणं बंद पडतं. मी लॅपटॉप आधीच चार्ज करून ठेवते. बाकी मेहकर लाइट गेली म्हणून चरफडतं तेव्हा मी माइक लावते. आम्ही तिघं लाइट जायची वाट बघत चहा पीत बसलो. लाइट गेली, गिरणी थांबली, गोपालभाऊंनी ढोलकी मांडीवर घेतली.

मावशींनी मला आधी बजावलं.

“मी मधात एका जाग्यावर थांबीन. तथी कोनी बोलाचं नाही, ढोलकी नाही.”

“काऊन मावशी?”

“आत्यानं लेकराच्या कानात नाव सांगाचं असते ना, त्याची जागा आहे ते. नाव सांगून झालं की मंग पुढचं.”

“पण नाव कुठे ठरलंय अजून?”

“लेकरूच कुठी झालं अजून! म्हनूनच तं रिकामी ठेवतात.”

आणि त्यांनी पाळणा म्हटला. गळा आजारी होता, तरी खालच्या सुरात तो असा काही पसरला की मी हेडफोनवर हात दाबून बसले.

बोंडातलं चांदणं उशीत भरलं,
माझं पाखरू झोपेत हसलं,
पाखराचं नाव काय गं आत्या?

प्रश्न विचारून त्या थांबल्या. खोलीत काही नाही. गिरणी नाही, पंखा नाही. मावशी डोळे मिटून बसल्या होत्या, जणू समोर खरंच कुणी वाकून नाव सांगतंय. मग मान हलवली, म्हणजे ऐकलं, आणि पुढची ओळ उचलली. गोपालभाऊंची ढोलकी पुन्हा आली. एकदाच म्हटलं, पुन्हा घेतलं नाही. मावशींना दम लागला होता.

जाताना गोपालभाऊंनी कच्ची फाइल मागितली, म्हणजे लिमिटर न लावलेली. आईचं गाणं, त्याचा हक्क, मी दिली. चार-सहा दिवसांनी तो पुन्हा आला, खिशात पेनड्राइव्ह, चेहऱ्यावर विजय.

“ताई, पाह्य. बाहेरचा लिमिटर लावला म्या. दोस्ताकडून घेतला.”

“फोडलेला?”

“आता तू पत्रक वाचू नको. ऐक फक्त.”

पेनड्राइव्ह मी माझ्या लॅपटॉपला लावू दिला नाही. तेच गाणं त्याच्या मोबाइलवर होतं, तिथून वायर जोडून लावलं. इरफानभाई एका जाहिरातीसाठी आले होते, तेही स्टूल ओढून बसले. आधी माझं वाजवलं, घरचा लिमिटर, हलकासा. मग त्याचं. त्याचं खोलीभर झालं.

“हाव ना!” इरफानभाई म्हणाले. “सॉरी ताई, पर इसका भारी है.”

गोपालभाऊंनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

ही चूक सगळे करतात, आणि गुरूंचे व्हिडिओ या चुकीवरच जगतात. दोन लिमिटर शेजारी ठेवून जो जोरात वाजतो तो माणसाला चांगला वाटतो. कानाची घडणच तशी आहे. म्हणून तुलना करायची तर आधी दोघांचा आवाज एका पातळीवर आणावा लागतो. मी त्याच्या गाण्याचा आवाज बटणाने खाली आणला, दोन्ही गाणी कानाला सारखीच मोठी लागेपर्यंत. आणि दोघांना पाठ फिरवून बसायला सांगितलं.

“आता सांगा, कोणतं कोणाचं.”

पहिल्या ओळीला दोघांनाही सांगता येईना. दुसऱ्या ओळीला इरफानभाई म्हणाले, “एकात ढोलकी मारते, एकात घासते.” ढोलकी घासणारं त्याचं होतं. आणि वाजवलेली ढोलकीही त्याचीच होती. मग ती ओळ आली, पाखराचं नाव काय गं आत्या, आणि रिकामी जागा आली.

माझ्या गाण्यात जागा रिकामी होती. त्याच्या गाण्यात भरलेली होती. खर्रर्र, खर्रर्र, असं काहीतरी, अगदी कानाशी.

गोपालभाऊ वळला. “हे काय आहे? माइक खराब व्हता का?”

माइक चांगला होता. लिमिटरने सगळ्यांची डोकी खाली दाबली आणि जमीन वर उचलली, की जमिनीवर जे पडलेलं असतं तेही वर येतं. खोली वर येते, खुर्चीची कुरकुर वर येते. आणि त्या दुपारी गिरणी बंद होती, पंखा बंद होता. त्या जागेत दुसरं काही नव्हतंच.

इरफानभाईंनी हळूच सांगितलं. “माइक नही भाई. अम्मा की साँस है.”

गोपालभाऊंनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मी लावलं. त्याने मान खाली घालून ऐकलं. घरात तो रोज ऐकत असणार तो श्वास, पण घरात भांड्यांच्या, माणसांच्या आवाजात तो बुडून जातो. इथे आईचा आजार तिच्या गाण्याएवढा मोठा होऊन समोर बसला होता. आणि नातवंडाचं नाव त्याच्यावर सांगितलं जाणार होतं.

“काढ ते,” तो म्हणाला. मग मोबाइलची वायर काढता काढता, “पन ताई, घरच्यानं एवढं दाबलं असतं तं?”

खरं ते सांगायला हवं होतं. “तरीही वर आलं असतं. दोष बाहेरच्याचा नाही गोपालभाऊ, दाबण्याचा आहे. पण घरच्याने एवढं दाबूच दिलं नसतं. त्याने आधीच फाटून सांगितलं असतं.”

मग माझा विकत घेतलेला बाहेरचा आणि घरचा, दोन्ही सारखेच हलके लावून त्याला ऐकवले. त्याने चार वेळा ओळखायचा प्रयत्न केला, चारही वेळा नुसता अंदाज. मलाही ओळखता आला नसता.

“म्हंजे काहीच फरक नाही?”

“एवढ्या हलक्या हाताला नाही.”

“मंग कोनता ठेवू?”

मी घरचा ठेवायला सांगितला. कारण साधं. बाहेरचा लिमिटर चालायला त्याच्या कंपनीची परवानगी लागते, इंटरनेटवरून. उद्या कंपनी बंद पडली, नाहीतर माझा लॅपटॉप बदलला, तर गाण्याची ती सगळी मांडणी उघडताना त्या जागी भोक. घरचा सॉफ्टवेअरबरोबर राहतो. हा पाळणा एका बारशाचा नाही, हे मला तेव्हाच वाटत होतं.

“पन सेटपवर बसका वाजंल ना,” जाता जाता त्याने शेवटचं भांडून घेतलं.

“मग बटण फिरवा! आवाज वाढवायला बटण आहे जगात. दाबलेला आवाज मोकळा करायला नाही.”

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी दारावरच्या कागदावर तिसरं म्हणून लिहिलं.

मावशींचं ऑपरेशन झालं. सून बाळंत झाली, मुलगी. बारशाला मला जानेफळला बोलावणं आलं आणि मी गेले. घरात बायकांची गर्दी, घुगऱ्यांची परात, पाळण्याला झेंडूच्या माळा. कोपऱ्यात गोपालभाऊंनी एकच स्पीकर आणला होता, साडीने झाकलेला. सिंधूमावशी पाळण्याशेजारी बसल्या होत्या, गळ्याभोवती मऊ कापड, ओठांवर बोट ठेवून येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होत्या की बोलायचं नाही. बायकांना ते काही जमत नव्हतं.

“मावशी मुक्या बसल्या, हे तं पह्यल्यांदाच पाह्यलं बाप्पा!”

“आता सासू-सुनेचं भांडन कसं व्हईन?”

मावशी पदराआड हसत होत्या. गोपालभाऊंची बहीण रेखाताई धामणगाव बढ्याहून आली होती. बाळाची आत्या तीच, म्हणून नाव सांगायचा मान तिचा. तिला कुणी जागेबद्दल सांगितलंच नव्हतं. मी कानात सांगितलं, ओळीत तुम्हाला प्रश्न विचारतील, मग बोला.

“कोन इचारंल?”

“तुमची आई.”

तिने एकदा आईकडे बघितलं, गप्प बसलेल्या.

पाळणा लागला. आणि काय सांगू, ऐकू येईना. फाइल मोकळी, हळू, आणि बायका जोरात. गोपालभाऊंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की दारावरचा कागद तिथल्या तिथे फाडावासा वाटला. तेवढ्यात मावशींनी त्याच्या गुडघ्यावर चापटी मारली आणि उताणा पंजा हवेत वर वर नेला.

“पाह्य ताई! आई बी म्हनते वाढव!”

“वाढवा ना मग!”

त्याने बटण फिरवलं. आवाज वाढला आणि फाटला नाही, घासला नाही, फक्त जवळ आला. मावशी खोलीत गाऊ लागल्या. बायका एकेक करून गप्प झाल्या, मावशींच्या तोंडाकडे बघू लागल्या. तोंड मिटलेलं आणि गळा गातोय.

पाखराचं नाव काय गं आत्या?

जागा आली. स्वच्छ, रिकामी. पाळण्याची दोरी कुरकुरली तेवढीच. रेखाताई वाकली, बाळाच्या कानाशी कुर्रर्र केलं आणि म्हणाली, “ईश्वरी.” मावशींनी मान हलवली, त्या दिवशी स्टुडिओत हलवली होती अगदी तशी. आणि नेमकी तेव्हा पुढची ओळ उचलली गेली. मी रेकॉर्डिंगवाली, मला माहीत होतं पुढची ओळ कधी येणार, तरी अंगावर काटा आला.

गोपालभाऊ पाठमोरा होऊन वायरी नीट करत होता. वायरी नीटच होत्या.

आता जानेफळात आणि आसपासच्या गावांत बारशाला तो पाळणा मोबाइलवरून वाजतो. त्या जागेत किती नावं बसली मला माहीत नाही. मुलं, मुली, एकदा तर जुळी. तेव्हा आत्याला घाई करावी लागली म्हणे. गोपालभाऊ वरातीची गाणी अजून दाबतोच, तो काही एका दिवसात सुधारलेला नाही, पण फोडलेलं काढून टाकलंय आणि घरचा वापरतो. घरचा कुरकुरला की फोन करतो, “ताई, थांबू का आता?” मी म्हणते, थांबा.

मला एकच सल राहिली होती. मावशींचं गाणं घेतलं, पण त्यांचं बोलणं घ्यायचं राहून गेलं. तो जुना आवाज चहा पिताना कसा हसायचा, ‘पाह्य बाप्पा’ कसं म्हणायचा, ते कुठेच नाही. त्या दुपारी रेकॉर्डिंग सुरू करून ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? मी गाण्याची वाट बघत बसले.

परवा मावशी जिना चढून आल्या. आवाज परत आलाय, पण जाडा, खरखरीत, खालचा. बसल्या बसल्या आधी स्वतःचा जुना पाळणा ऐकला, शेवटपर्यंत, मन लावून.

“बरी गाते वो ही बाई,” म्हणाल्या.

मग पाण्याचा घोट घेतला, माइक स्वतःच्या तोंडाकडे ओढला.

“आता हा बी घे. आन दाबू नको याले.”

लाइट होती, गिरणी सुरू होती, पंखा फिरत होता. मी काही बंद केलं नाही. लाल बटण दाबलं आणि म्हटलं, “गाऊ नका मावशी, आधी बोला.”

“काय बोलू?”

“काहीही.”

त्या बोलत राहिल्या.